नोंदवहीतली सरहद्द

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यभरातल्या महसूल कार्यालयांना कळवले की एक वर्षाहून जास्त उशिरा होणाऱ्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचे दाखले तूर्त कोणालाही देऊ नयेत. निमित्त मालेगावचे होते. तिथे बांगलादेशी आणि रोहिंग्या घुसखोरांना मोठ्या संख्येने जन्मदाखले मिळाल्याची तक्रार भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी केली होती. सरकारने विशेष तपास पथक नेमले, तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले, आणि चौकशीचा रोख अमरावती, अकोल्याकडेही वळला. आदेश मात्र साऱ्या राज्याला लागू होता. मालेगावशी काडीचाही संबंध नसलेल्या बीड जिल्ह्यात, आष्टीपासून परळीपर्यंतच्या अकराही तालुक्यांत, लेकराच्या दाखल्यासाठी तहसीलची पायरी चढणाऱ्या आईबापांसाठीही ती खिडकी बंद झाली.

घुसखोरी म्हटले की बीडचे नाव कोणाच्या मनात येत नाही. बांगलादेशची सीमा इथून हजार किलोमीटरहून कितीतरी लांब. बाहेरच्या मजुराला खेचून घेईल असा मोठा उद्योग नाही. या जिल्ह्यात लोक येतात त्याहून कितीतरी अधिक संख्येने बाहेर जातात. दिवाळी सरली की ऊसतोडीला निघालेल्या मजुरांनी गाड्या भरतात आणि गावेच्या गावे ओस पडतात. तरीही बेकायदा स्थलांतर रोखण्याचे काम स्थानिक पातळीवर नेमके कसे चालते, त्यात कोण सापडते आणि कोण निसटते, हे समजून घ्यायचे तर बीडसारखी दुसरी जागा नाही. कारण ही सारी मोहीम शेवटी कागदावर येऊन थांबते, आणि कागदाच्या बाबतीत सर्वांत दुबळा असलेला भारतीय नागरिक इथे लाखांनी राहतो. खोटा दाखला रोखलाच पाहिजे. पण तो रोखण्याची खरी जागा जन्मानंतरच्या पहिल्या एकवीस दिवसांत आहे. वीस वर्षांनी होणाऱ्या चौकशीला तेव्हा राहिलेली उणीव भरून काढता येत नाही. पुढच्या पानांत जे येणार आहे, त्यामागचे सूत्र हे आहे.

आधी अधिकार कोणाचा, ते पाहू. राज्यघटनेच्या संघसूचीत नागरिकत्व, परकीय व्यक्ती, देशात प्रवेश आणि देशातून हकालपट्टी हे विषय केंद्राकडे आहेत. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषद यांना कोणालाही परकीय ठरवता येत नाही आणि देशाबाहेर काढता येत नाही. केंद्राने घटनेच्या अनुच्छेद २५८ (१) खाली १९ एप्रिल १९५८ च्या अधिसूचनेने परकीयांना शोधण्याचे, ताब्यात घेण्याचे आणि परत पाठवण्याचे अधिकार राज्य सरकारांकडे सोपवले. जिल्ह्यात परकीयांच्या नोंदणीचे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या केंद्रीय कायद्याने पारपत्र, परकीय नागरिक आणि त्यांची नोंदणी यांविषयीचे १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे एकत्र केले. पारपत्र किंवा व्हिसाविना शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, तर बनावट कागदपत्रांसाठी दोन ते सात वर्षांची कैद त्यात आहे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्याप्रमाणेच नव्या कायद्यातही त्या व्यक्तीवर आहे.

अधिकार असा वर असला तरी ज्या कागदांवर निवाडा होतो ते सगळे खाली तयार होतात. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होते. रहिवासी दाखला, रेशनकार्ड, शाळेचा निर्गम उतारा, मतदारयादीतले नाव, घरपट्टीची पावती यांपैकी काहीही दिल्लीत लिहिले जात नाही. गावात कोण नवे आले याची खबर पोलीस पाटलाने ठाण्याला द्यावी ही अपेक्षा १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमातली. त्याआधी कित्येक पिढ्या हे काम पाटील, जागल्या आणि कोतवाल करत आलेले. शहरात घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी असे आदेश वेळोवेळी निघतात. लॉजवर परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती कळवावी लागते. २०२५ मध्ये राज्य सरकारने घुसखोरांच्या नावे निघालेली रेशनकार्डे शोधून रद्द करण्याच्याही सूचना दिल्या. देशाची सरहद्द सीमा सुरक्षा दल राखते हे खरेच. पण ती ओलांडून आत आलेला माणूस भारतीय म्हणून वावरू शकतो की नाही, हे अखेरीस एखाद्या तालुक्यातल्या लिपिकाच्या टेबलावर ठरते.

त्या टेबलावर काय बिघडले?

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षभरापर्यंत ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश, अशी पायऱ्यांची रचना होती. शेवटची पायरी कोर्टाची, त्यामुळे वेळखाऊ आणि खर्चाची. २०२३ च्या दुरुस्तीने ती बदलली. वर्षानंतरच्या नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. गरिबाला कोर्टाची वारी टळावी हा त्यातला चांगला भाग. त्याच दुरुस्तीने जन्मदाखल्याचे वजनही वाढवले. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, आधार अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच एक दाखला चालणार आहे.

दाखल्याची किंमत वाढली आणि तो मिळवण्याची वाट मात्र सोपी झाली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नायब तहसीलदारांनीच आदेश काढले. त्यांना तो अधिकार होता का, हाच पुढे वादाचा मुद्दा ठरला. काही प्रकरणांत अर्जासोबतचे शाळेचे उतारे आणि शिधापत्रिकांच्या प्रती खाडाखोड केलेल्या निघाल्या आणि गुन्हे दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये सरकारने नवी कार्यपद्धती लावली. तिच्यात अर्जाची बारकाईने छाननी, स्थानिक चौकशी, पोलिसांचा अभिप्राय आणि खोटी माहिती देणाऱ्यावर फौजदारी कारवाई आहे. नायब तहसीलदारांनी दिलेले सुमारे ४२ हजार दाखले रद्द करण्याचे पाऊल महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी त्याच वर्षी जाहीर केले.

ही कडक भूमिका अनाठायी नाही, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. नागरिकत्व कायद्यात जन्माच्या तारखेला मोठे वजन आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस, मोजके अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक भारतीय असावा लागतो. पुढे जन्मलेल्याचे आईबाप दोघे भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आहे. म्हणजे जन्मदाखल्यावरची एक खोटी ओळ एका माणसाबरोबर त्याच्या मुलाबाळांनाही नागरिकत्वात आणून बसवू शकते. असे दाखले पैसे घेऊन वाटले जात असतील तर त्याची झळ पहिल्यांदा बसते ती गरीब भारतीयालाच. खोट्याचा सुळसुळाट झाला की त्याच्या हातातल्या खऱ्या कागदाकडेही प्रत्येक खिडकीवर संशयाने पाहिले जाते.

पण त्याच्याइतकीच महत्त्वाची दुसरी बाब आहे. दाखला रद्द होणे आणि माणूस परकीय ठरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने सही केली म्हणून रद्द झालेल्या दाखल्यामागे एखादा घुसखोर असू शकतो. तसाच आपल्याच गावात, आपल्याच घरात, सुईणीच्या हातून जन्मलेला आणि कधीच नोंद न झालेला माणूसही असू शकतो. बातमीच्या मथळ्यात दोघे एकाच आकड्यात जमा होतात. चौकशीत त्यांना वेगळे काढायचे तर गावातली जुनी नोंद हाताशी लागते. ती नसते, कारण ती कधी केलीच गेली नव्हती.

बीडच्या बाबतीत ती का केली गेली नाही, याचे उत्तर उसाच्या फडात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उन्हाळ्यापावसाळ्यात उचल घ्यायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिऱ्हाड गाडीत घालायचे आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत जायचे. कारखान्याच्या तळावर किंवा रानात कोप्या घालायच्या, पहाटे फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत. या पाच-सहा महिन्यांत लग्न झालेली तरुण जोडपी जातात, आणि अर्थातच गर्भवतीही जातात. २०२४-२५ च्या हंगामाबाबत जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तिच्यात गरोदरपणात ऊसतोडीला गेलेल्या बायकांची संख्या दीड हजाराच्या वर होती. एका जिल्ह्यातल्या एका हंगामाचा हा आकडा आहे.

या बायकांपैकी काही जणी बाळंतपणाला माघारी येतात. काही जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचतात. काहींचे बाळंतपण कोपीतच होते. आणि इथे कायद्यातली एक साधी तरतूद आड येते. जन्माची नोंद आईच्या गावी होत नाही. जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे ती करावी लागते. धारूर किंवा वडवणी तालुक्यातल्या बाईचे लेकरू शिरोळच्या रानात जन्मले तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत. अथणीत जन्मले तर कर्नाटकात, तिथल्या यंत्रणेकडे, तिथल्या भाषेत. एकवीस दिवसांच्या आत. त्या एकवीस दिवसांत टोळी दुसऱ्या फडावर, दुसऱ्या शिवारात गेलेली असते. बाप एक दिवस काम सोडून ग्रामपंचायत शोधायला गेला तर कोयता बंद राहतो आणि अंगावर उचल असते. उन्हाळ्यात कुटुंब गावी परतते, तेव्हा तिथला ग्रामपंचायत अधिकारी प्रामाणिकपणे सांगतो की हा जन्म माझ्या हद्दीतला नाही, मला नोंदवता येणार नाही. लेकरू सहा वर्षांचे होऊन शाळेच्या दारात उभे राहीपर्यंत हा प्रश्न कोणी उघडत नाही. उघडतो तेव्हा वर्षाची मुदत कधीच संपलेली असते, आणि त्याला त्याच उशिराच्या नोंदीच्या खिडकीवर जावे लागते जिथे आता प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहिले जाते.

कायद्याला अशा जन्मांची कल्पनाच नव्हती असे म्हणता येत नाही. १९६९ च्या कायद्याचे कलम ९ खास मळ्यांसाठी आहे. चहा, कॉफी, मिरी, रबर, वेलदोडे, सिंकोना यांच्या किमान चार हेक्टरच्या मळ्यात जन्म किंवा मृत्यू झाला तर त्याची माहिती मळ्याच्या व्यवस्थापकाने द्यावी असे ते सांगते. आसामच्या आणि निलगिरीच्या मळ्यांतला मजूर परगावचा असतो, त्याच्याकडून नोंदीची अपेक्षा धरता येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. राज्य सरकार अधिसूचनेने इतर पिकांचीही त्यात भर घालू शकते. ऊस मात्र लहान लहान शेतकऱ्यांच्या रानात असतो. एका रानाला व्यवस्थापक नसतो आणि चार हेक्टरची अटही बहुतेकांना बसत नाही. तरी मूळ विचार उसालाही लागू पडतो. तोड कोणत्या गावात, कोणत्या गटात, कोणत्या टोळीची चालू आहे याची रोजची नोंद कारखान्याच्या शेती खात्याकडे असते, कारण उसाचे वजन आणि तोडणीचे बिल त्यावरच निघते. एका गाडीतला ऊस किती टन भरला हे कारखान्याला त्याच दिवशी कळते. त्या टोळीत बाळ जन्मले, हे कोणत्याही निबंधकाला कळवण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर नाही.

कागदाची ही टंचाई ऊसतोडीपुरती नाही. जिल्ह्यातल्या पारधी, वडार, कैकाडी अशा भटक्या-विमुक्त कुटुंबांचा कागदाशी संबंध वेगळ्याच वाटेने बिघडला. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा जमातींच्या वाट्याला हजेरी आणि फिरण्यावरचे निर्बंध आणले. परगावी जायचे तर परवाना लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. सरकारी नोंद म्हणजे पोलिसांची नोंद, हा अनुभव ज्यांनी पिढ्यान् पिढ्या घेतला ती माणसे स्वतःहून नोंदवहीत नाव घालायला येत नाहीत. गायरानावरच्या पालाला घरक्रमांक नसतो. घरक्रमांक नाही म्हणून रहिवासी दाखला नाही, आणि तो नाही म्हणून पुढचे काहीच नाही. बाहेरचे लोक शोधायला निघालेल्या पथकाच्या नजरेला पहिल्यांदा हीच पाले पडतात.

तिसरी अडचण इतिहासाची. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. ‘आपला’ कोण आणि ‘बाहेरचा’ कोण हा वाद संस्थानातही गाजला होता. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या मुलकींसाठी राखल्या गेल्या, आणि मुलकी ठरण्यासाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट होती. त्या काळातले दप्तर उर्दूत, त्याआधीचे बरेचसे मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा या दप्तरांची अवस्था सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. जन्म-मृत्यूच्या वह्या, खासरा पत्रके, पाहणी पत्रके उघडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने मराठवाड्यात नोंदी फारच थोड्या हाती लागल्या. पिढीजात जमीन कसणाऱ्या, गावात वाडा असलेल्या कुटुंबांनाही आजोबा-पणजोबांचा कागद मिळेना. मग ज्याच्या घरात जमिनीचा तुकडाही नाही, त्याने आपल्या आजोबांचा जन्म याच मातीत झाला हे कशाने दाखवायचे?

गावे आपल्या वेशीवर पहारा बसवतात तेव्हा काय होते याचा अनुभवही बीडला आहे, आणि तो फार जुना नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकले. राज्याने १७ एप्रिलला परतीला परवानगी दिली, तेव्हा ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचे सांगितले गेले. ही माणसे आपल्याच गावी परतत होती. त्यांच्या नावावर त्याच गावात घर होते, मतदान होते, रेशन होते. तरी त्या काळात ठिकठिकाणच्या वेशीवर काटेरी फांद्या आणि बैलगाड्या आडव्या घातल्या गेल्या, आणि परतलेल्या कुटुंबांना गावाबाहेर रानात दिवस काढावे लागले. साथीची भीती खरी होती आणि अलगीकरणाची गरजही. पण ‘बाहेरून आलेला’ हा शिक्का आपल्याच माणसावर किती सहज बसतो, हे त्या उन्हाळ्यात दिसले.

हा शिक्का चुकीच्या माणसावर बसला तर परिणाम किती दूरवर जातो, याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात कामाला असलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून पकडले गेले आणि सीमेपार धाडले गेले. ते भारतीय असल्याचे कागद त्यांच्या राज्याने पुढे केल्यावर त्यांना परत आणावे लागले. जे मुर्शिदाबादच्या गवंड्याच्या बाबतीत घडू शकते ते परप्रांतात, परभाषेत काम करणाऱ्या कोणत्याही मजुराच्या बाबतीत घडू शकते. कर्नाटकातल्या फडात उभ्या असलेल्या बीडच्या कोयत्यालाही हे लागू आहे.

न्यायालयांनी दोन्ही बाजूंना आखून दिलेल्या मर्यादा समजून घेण्यासारख्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना स्पष्ट केले की केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणून कोणी भारतीय नागरिक ठरत नाही. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, आसाममधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सिद्ध करण्याचा भार माणसावर असला तरी सरकारला नुसत्या संशयावर कोणालाही परकीय म्हणता येणार नाही. आधी काही ठोस आधार समोर ठेवावा लागेल. नावाच्या स्पेलिंगमधले किंवा तारखेतले किरकोळ फरक त्या माणसाविरुद्ध वापरता येणार नाहीत, हेही न्यायालयाने म्हटले. बीडच्या शाळांचे हजेरीपट आणि रेशनकार्डे शेजारी ठेवून पाहिली तर या शेवटच्या वाक्याचे मोल कळते. एकाच बाईचे नाव माहेरच्या कागदात एक, सासरच्या कागदात दुसरे. जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजे एक जून लिहिलेली.

स्थानिक संस्थेने आपल्या हिकमतीने बाहेरच्यांना रोखायचे ठरवले तर काय होते, हे जगातही पाहून झाले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हेझलटन या छोट्या शहराने २००६ मध्ये नियम केला की बेकायदा स्थलांतरिताला घर भाड्याने देणाऱ्या मालकाला आणि काम देणाऱ्या धंद्याला शिक्षा होईल. स्थलांतराचा अधिकार केंद्राचा, शहराचा नव्हे, या कारणाने न्यायालयांनी तो नियम अडवला. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि शहरावर कोर्टखर्चाचा बोजा उरला. ब्रिटनमध्ये २०१८ साली उघडकीला आलेले प्रकरण याहून वेदनादायक. कॅरिबियन बेटांवरून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कायदेशीरपणे आलेल्या लोकांकडे उतारवयात वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली कार्डे सरकारनेच २०१० मध्ये नष्ट केली होती. नोकऱ्या गेल्या, उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढले गेले, आणि शेवटी सरकारला माफी मागून भरपाई योजना काढावी लागली. आपल्याकडे आसामात राष्ट्रीय नागरिक नोंदवहीसाठी सव्वातीन कोटींहून अधिक लोकांनी अर्ज केले. ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीत १९ लाख ६ हजार ६५७ नावे आली नाहीत. त्यांत घुसखोर किती आणि कागद न सापडलेले भारतीय किती, याचा निवाडा यादीने दिला नाही.

ब्रिटन आणि आसाम या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. घटना घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी कडक झालेली यंत्रणा श्रीमंत फसव्या माणसाला अडवण्यात कमी पडते, कारण तो हवा तो कागद विकत घेतो. आणि गरीब खऱ्या माणसाला मात्र अडवते. हेच घटनेच्या वेळीच नोंद पक्की केली तर उलटे होते. प्रत्येक लेकराची नोंद वेळेत झाली की उशिराच्या नोंदींची गर्दी आटते. मग त्या खिडकीवर उरलेल्या मोजक्या अर्जांची कसून तपासणी करायला अधिकाऱ्याला वेळ मिळतो, आणि खोटा अर्ज उघडा पडतो. घुसखोरी रोखणे आणि गरिबाला कागद मिळवून देणे ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात आहेत असे सध्याच्या वादात गृहीत धरले जाते. बीडकडे पाहिले की ते एकच काम असल्याचे दिसते.

हे काम करायला लागणारी साधने जिल्ह्यात आज आहेत. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. त्यानंतर गर्भवतींच्या नोंदी आणि जन्मांची मोजदाद यांवर इथल्या यंत्रणेने बारीक लक्ष ठेवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले, आणि हंगामापूर्वी व हंगामानंतर आरोग्य तपासणी करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गावपातळीवर मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याची योजना आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहे आहेत. आशाताईंच्या वहीत कोणत्या घरातली बाई कितव्या महिन्यात गाडीत बसली ते लिहिलेले असते.

राहते ते या वह्या एकमेकींना जोडण्याचे काम. गावातून निघताना गर्भवतीची जी नोंद झाली ती कारखान्याच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पोचली, टोळी कोणत्या शिवारात आहे हे शेती खात्याने त्या केंद्राला कळवले, आणि बाळंतपण झाल्यावर माहिती देण्याची जबाबदारी मुकादम आणि कारखान्यावर टाकली गेली, तर एकवीस दिवसांची मुदत गाठता येईल. कर्नाटकातल्या जन्मांसाठी बेळगाव आणि बागलकोटच्या जिल्हा प्रशासनांशी दर हंगामाआधी याद्यांची देवाणघेवाण करावी लागेल. जन्मनोंदणीची केंद्रीय संगणकप्रणाली असल्याने ती अशक्य नाही. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की प्रत्येक ग्रामपंचायतीने जाताना गरोदर असलेल्या बायकांची यादी आणि सोबत दाखला असलेल्या बाळांची यादी ताडून पाहावी. जे नाव जुळणार नाही त्याचा अर्ज जन्मस्थळाच्या निबंधकाकडे त्याच महिन्यात जावा, कारण तेव्हा वर्ष उलटलेले नसते, बाळंतपण पाहिलेली माणसे टोळीत असतात आणि तहसीलच्या चौकशीची गरजच पडत नाही.

पुढची पाने वाचताना वाचकाने दोन प्रकारची माणसे डोळ्यांसमोर ठेवावीत, ही विनंती. पैसे मोजून भारतीय जन्म विकत घेणारा, त्याला तो विकणारा दलाल आणि त्यावर सही करणारा अधिकारी हे एका बाजूला. त्यांच्याबाबत दया दाखवण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूला गेवराई, केज किंवा पाटोद्याचे ते जोडपे आहे, ज्यांचे लेकरू मागच्या हंगामात कुठल्यातरी रानात जन्मले आणि ज्यांच्याकडे त्या जन्माचा एकही कागद नाही. येत्या ऑक्टोबरात ते जोडपे पुन्हा गाडीत बसेल तेव्हा त्या लेकराचे नाव कोणत्या ना कोणत्या निबंधकाच्या वहीत लागलेले असावे, यासाठी जिल्हा परिषद, तहसील, कारखाना आणि महामंडळ यांपैकी कोणी काय केले, हा प्रश्न घेऊन हे लिखाण सुरू होते.